बद्रीनाथनं माझा रस्ता चोरला

१८ ऑगस्ट, गुरुवार
आणि वर मलाच इचारतो, काकू, स्टेरिंग कसं लोण्यावानी झालं! लोणी मी घरी काढते. त्यासाठी गॅरेजात कशाला येऊ? तांबडी दिली व्हती हॉर्न बघायला. बद्रीनाथनं तिला पावर स्टेरिंग बसवलं. मला न इचारता. म्हणतो, काकासाहेबांनी सांगितलं. काकासाहेब म्हंजे माझे मालक. ह्यांना बोनट कुठून उघडतं ते अजून ठाऊक नाय.

तांबडी दोन शिटांची विलायती गाडी. वर टप नाय, बूड जमिनीला लागलेलं. पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्सांनी एक अंमलदार इथला बिस्तरा गुंडाळून हैदराबादला निघाला, त्याच्याकडून सासऱ्यांनी, तात्यासाहेबांनी घेतली. त्यांच्या दोन्ही पोरांना ती चालवता येईना, मग त्यांनी मला शिकवली. चौथी शिकलेल्या सुनेला. म्हणाले, वच्छला, चाक घट्ट धरू नको, रस्ता आपण होऊन हातात येतो. तसा यायचा. गारखेड्यापासून क्रांती चौकापर्यंत कुठं खडी, कुठं भेग, सगळं तळहाताला कळायचं. पडलेली सुपारीसुद्धा.

आज चालवली तर काहीच नाय. गादीवर बसून ताट फिरवल्यावानी.

जुना माल गिऱ्हाईकाला परत द्यायचा, हा बद्रीनाथचा नियम. स्टेरिंगचा जुना रॅक, चाकं वळवणारं दातेरी लोखंड, पोत्यात बांधून दिला. पलंगाखाली ठेवलाय. सबूत.

२० ऑगस्ट, शनिवार
उमगलं. शैला.

धाकटी जाऊ. कालेजात शिकवते. उन्हाळ्यात ड्रायव्हिंग शिकली. आमचं जुनं स्टेरिंग तिला जागचं हलत नव्हतं. आता एका बोटानं फिरतं. १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाची जुन्या गाड्यांची फेरी हाय. बावीस वर्सं मीच चालवते. औंदा तिला बसवायचा घाट दिसतो.

ह्यांना सरळ इचारलं. म्हणाले, तुझ्या हातांसाठी बसवलं. माझ्या हातांसाठी! तीस वर्सांत कधी पाण्याची घागर उचलली नाय ह्या माणसानं.

ठराव : १७ तारखेला मीच.

ता. क. नव्या शिंप्यानं ब्लाउजची हुकं लई बारीक लावलीत. मुद्दाम. ह्यांना लावून द्यावी लागतात.

२२ ऑगस्ट, सोमवार
गॅरेज. बद्रीनाथला म्हणलं, काय काढून घेतलंस ते सांग. तो म्हणला, काकू, काढलं नाय, घातलंय. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप चालतो, पंप तेल ढकलतो, तेल चाकं वळवतं. स्टेरिंगच्या खाली एक बारीक दांडी असती. आपण वळवलं की ती पिळते, त्यावरून तेलाला कळतं किती जोर लावायचा. दांडी नरम असली की स्टेरिंग हलकं, पण रस्ता हाताला कमी येतो. जाड घातली की स्टेरिंग जड, रस्ता जास्त.

म्हणलं, मग जाड घाल. पहिल्यांदाच का नाय घातली? तो फडक्याला हात पुसायला लागला. इचारल्यावर हात पुसणारा माणूस खरा नसतो.

चहाला पाच चमचे साखर सांगितली. तरी फिका. गॅरेजचा चहासुद्धा बेइमान.

२५ ऑगस्ट, गुरुवार
जाड दांडी बसली. जड झालं. रस्ता नाय तो नायच.

मग तेल तपासलं. डबीत बोट घालून चोळून पाहिलं. चिकटपणाच नाय. पाणी! आज खांदमळणी, उद्या पोळा. पाचोडच्या शेतात आता ट्रॅक्टर, बैल इकले, म्हणून तात्यासाहेबांच्या मागं मी तांबडीलाच पुजते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद, तर हिचा खांदा म्हंजे स्टेरिंग. बद्रीनाथचं पाणी उपसून टाकलं नि घाण्याचं करडईचं तेल डबी काठोकाठ भरून ओतलं. वरून हळद.

आता बघतेच.

उजव्या हाताच्या बोटाला फोड आलाय. कधी भाजलं कळलंच नाय. तवा बदलायला पायजे, आच दाखवत नाय.

२७ ऑगस्ट, शनिवार
पंप रेड्यावानी ओरडतो. बद्रीनाथनं डबी उघडली, वास घेतला नि खाली बसला. म्हणला, काकू, ह्यात भजी तळायची व्हती का? पंपाची रबरं फुगली. नवी टाकावी लागतील.

मी म्हणलं, तुझ्या पाण्यापरीस बरं. तो म्हणला, पाणी नव्हतं ओ, अस्सल तेल व्हतं, बघा. माझ्या बोटाला लावलं. मला तर पाणीच वाटलं. त्यानं बराच वेळ माझ्या बोटाकडं पाहिलं. चोराची नजर.

३ सप्टेंबर, शनिवार
नवा रॅक रबराच्या गादीवर बसवला व्हता, धक्का हाताला येऊ नये म्हणून. म्हंजे रस्ता तिथंच अडवला व्हता की! रबर काढायला लावलं. आता लोखंडाला लोखंड.

शैला शेजारी बसली. मी बोलवलं, नजरेसमोर असलेली बरी. मोंढ्याच्या खडीवर गेलो तशी ओरडली, ताई, हळू, माझे दात वाजायलेत!

माझ्या हाताला काही नाय.

म्हंजे रस्ता गाडीत येतो, पण शैलाच्या बाजूनं. गाडी फितवली.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी फक्त इचारलं, दवाखान्यात जायचं का? बिघडली गाडी नि दवाखान्यात मी?

१० सप्टेंबर, शनिवार
संपला खेळ. पोतं पलंगाखालून काढलं, बद्रीनाथच्या पुढ्यात टाकलं. म्हणलं, पंप, पट्टा, नळ्या, दांडी, सगळं उपट नि माझा जुना रॅक बसव. तो म्हणला, काकू, ऐका. मी म्हणलं, बसव.

बसवला. चालवली. खांदे भरून आले, मान आखडली. रस्ता नाय.

हा माझा रॅक नव्हंच. पलंगाखालून बदलला.

येताना क्रांती चौकात उतरले तर एका पायातली चप्पल गायब. दुकानापर्यंत चालून गेल्यावर एक बाई म्हणली, मावशी, अनवाणी का? मागं वळून पाहिलं, चप्पल रस्त्याच्या मधोमध. भरदिवसा पायातून चप्पल काढतात लोक ह्या शहरात.

१७ सप्टेंबर, शनिवार
मीच चालवली! शैला शेजारी, कालेजातली साडी, काळा गॉगल. औंदा लोकांनी टाळ्या वाजवल्या तशा कधीच वाजवल्या नाय. पोरं गाडीमागं पळत व्हती. शैला सारखी म्हणत व्हती, ताई, थांबवा, काहीतरी आवाज येतोय. ताशा वाजतोय, दुसरं काय? जळते.

क्रांती चौकात पोलिसानं वाकून गाडीखाली पाहिलं. रस्ता अडवायला पोलीस ठेवतात ते भगवं टोकदार टोपडं, प्लॅस्टिकचं, गारखेड्यापासून माझ्या चाकामागं अडकून आलेलं. घासून निम्मं झालं व्हतं. तो म्हणला, मावशी, दोन किलोमीटर ओढलं, हाताला कळलं नाय?

मी म्हणलं, बद्रीनाथला इचारा.

ह्यांनी चावी घेतली. नुसती खिशात टाकली.

१९ सप्टेंबर, सोमवार
बद्रीनाथ घरी आला. हात धुऊन, सदरा घालून. म्हणला, काकू, एकदा डोळे मिटा, मग मी चोर तर चोर. माझ्या दोन्ही मुठींत काहीतरी ठेवलं. म्हणला, एकीत नट हाय, एकीत रुपया. रुपया कुठल्या हातात?

लई चोळून पाहिलं.

म्हणलं, फसवतोस. दोन्हीकडं रुपयाच हाय.

डोळे उघडले. उजव्या मुठीत नट. सहा कोनांचा, चांगला जाडजूड. बद्रीनाथ खाली बघत व्हता. शैला आत पाणी आणायला गेली ती आलीच नाय.

हे म्हणाले, मला माहीत व्हतं. उन्हाळ्यापासून तुझी हुकं मीच लावतोय न्हवं.

शिंप्याचं नाव मग मी घेतलं नाय.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तळपायाला टाचणी टोचली नि इचारलं, टोचतंय का? मी म्हणलं, आधी टोचा तरी. त्यानं रक्त घेतलं. साखर वाढली असंल म्हणला. हाताला पुन्हा कळंल का, ते रिपोर्ट बघून शनिवारी सांगतो. तोपर्यंत चावी ह्यांच्याकडं.

चहा बिनसाखरेचा दिला. प्यायले.

उद्या बद्रीनाथला चिठ्ठी धाडायची. मजकूर असा :

बद्रीनाथ, रॅक माझाच व्हता, कबूल. तेल तेलच व्हतं, तेही कबूल. पण नटाचं मला पटलेलं नाय. शनिवारी, चोवीस तारखेला, दवाखान्यात जायच्या आधी घरी येऊन समोरासमोर जबाब दे. माझ्या उजव्या मुठीत पहिल्यापासून नटच व्हता, का डोळे मिटल्यावर तू बदललास?