दोन सीटची होडी

५ जानेवारी, रविवार. पवनी.
ठरले. रिटायर होऊन सात महिने झाले, आता पाण्यावरची सुट्टी घ्यायचीच. मोबाईलवर क्रूझचा व्हिडिओ पाहिला. चौदा मजली जहाज, वर स्वीमिंग पूल. गोदावरी दिवाळीपासून नागपूरला डिंपलकडे आहे. चेंज म्हणून. मुलीकडे किती दिवस राहणार? परत आली की दोघे जाऊ. तिला सरप्राईज.

८ जानेवारी.
क्रूझ रद्द. तिथे जेवण नऊ वाजता असते, मला साडेसातला लागते. समुद्र तसाही ओव्हररेटेड आहे. घरापासून दहा मिनिटांवर वैनगंगा, धरणामुळे बारमाही भरलेली, आणि लोक गोव्याला जातात.
वरण करपले. गॅसचा दोष.

१२ जानेवारी.
हवा भरायची रबरी होडी ऑनलाईन मागवली. दोन सीटची. एका सीटची पण होती, ती उघडून पाहिलीसुद्धा नाही. प्लॅन फायनल: कारधा ते पवनी, तीन दिवस, दोन मुक्काम. मी मागे, गोदावरी पुढे. मी वल्हवीन, ती दिशा सांगेल. अडचण एकच, तिला पाण्याची भीती वाटते. होईल सवय.

१४ जानेवारी. संक्रांत.
कधी येते ते ती स्वतःहून सांगेना, म्हणून फोन करून सरप्राईज फोडले. ती म्हणाली, मले पाण्याचं भेव वाटते म्हनून कोनं सांगतलं, मी तं लहानपनी नदीतच राहत होती. माहेर कारध्याचे हे मला माहीत होते, पण कारध्याच्या सगळ्याच मुली पोहतात असे थोडेच आहे? मी म्हटले, चौतीस वर्षांत सांगायचे तरी. ती म्हणाली, तुमी इचारलं कवा. मग ब्लाऊज शिवायला टाकायला बायका आल्या म्हणून तिने फोन ठेवला. एकंदर संवाद चांगला झाला. तिळगुळाचे बोलायचे राहिले.

१९ जानेवारी, रविवार. सकाळ.
होडी आली. बैठकीतच पंपाने भरून पाहिली. पाऊण तास लागला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झाली, स्वयंपाकघरात जायला वाट राहिली नाही. होडीतच बसून केळी खाल्ली. पुढची सीट रिकामी असल्यामुळे पाय लांब करता आले.
शेजारचा भैय्यालाल हार्डवेअरचे दुकान उघडायच्या आधी डोकावला. होडी कशी आहे विचारायचे सोडून म्हणाला, वैनी कवा येतात? हा माणूस कधी विषयाला धरून बोलत नाही.

२३ जानेवारी.
गोदावरीला जमणार नाही. लग्नसराईच्या शिवणाच्या ऑर्डरी घेतल्या म्हणे, सध्या भाड्याच्या मशीनवर. भैय्यालालला विचारले. तो म्हणाला, गुडघे दुखून राहिले. कालच सायकलवर पाहिला त्याला. असो. तीन दिवस म्हणजे जास्तच होते. पवनीच्या घाटावरून निघायचे, धरणाच्या बाजूने जाऊन यायचे. रविवार, २ फेब्रुवारी. पाण्याची मजा एकट्यालाच कळते असे त्या व्हिडिओतही म्हणाले होते.

२८ जानेवारी.
आज तिने स्वतः फोन केला. दिवाळीनंतर पहिल्यांदा. रविवारीच जाता ना, दोनदा विचारले. किती वाजता निघता, वापस कवा येता. मी सांगितले, सातला निघणार, पाचला परत. सावकाश या म्हणाली. इतकी चौकशी तिने माझ्या नोकरीत कधी केली नव्हती. मागून डिंपल काहीतरी म्हणाली, ते ऐकू आले नाही. दूर राहिल्याने माणसाची किंमत कळते.

२ फेब्रुवारी, रविवार. ७.१०. घाट.
धुके. होडी भरली. दोन्ही वल्ही घेतली. फोटो काढायला कोणी नाही.

तोच दिवस, दुपार.
क्रमाने लिहितो.
मी मागच्या सीटवर बसलो तर होडीचे तोंड वर उठले. एक वल्हे मारले की ती वळायची, दुसरे मारले की परत वळायची. घाट दिसेनासा व्हायला हवा होता, तो पुन्हापुन्हा समोर येत होता. घाटावरचा मासेमार डोमा ढिवर लाकडी डोंग्यातून जाळे काढत होता. थोडा वेळ पाहून म्हणाला, काका, काही हरवलं काय? मी म्हटले, प्रॅक्टिस. मग वाऱ्याने मला जलपर्णीत नेऊन घातले. ढकलायला उतरलो, कमरेपर्यंत चिखल. डोमाने दोरी बांधून ओढत आणले. काठावर म्हणाला, समोर कोनी बसल्याशिवाय हे सरळ नाई चालत.
नऊला घरी. दारात टेम्पो उभा. त्यात गोदावरीची पेटी. डिंपलने मला आधी पाहिले आणि ती मोबाईल पाहू लागली. गोदावरी शिलाई मशीनचे झाकण घेऊन बाहेर आली.
"तुमी तं पाच वाजता येनार होते," ती म्हणाली.
"लवकर झालं."
"वल्ले कपडे बदला आंधी."
मी विचारले, मशीन किती दिवसांसाठी नेतेस. ती टेम्पोकडे पाहत म्हणाली, "मले आता तिकडंच राहाचं हाये. रागानं नाई जाऊन राहिली. तिकडं मले बरं वाटते, बस."
मला पुष्कळ बोलायचे होते. तोंडातून निघाले, होडी दोन सीटची आहे.
"सांगतलं होतं तुमी," ती म्हणाली. "कुठं जाचं, कवा जाचं, मी कुठं बसाचं, सारं ठरवूनच सांगतलं."
मशीन लोखंडी पायांची, ड्रायव्हरला एकट्याला उचलेना. दुसरी बाजू मी धरली. हात ओले, घसरत होते. गोदावरी म्हणाली, हळू. मला म्हणाली की मशीनला, कळले नाही.
टेम्पो गेला.

३ फेब्रुवारी.
सकाळी भैय्यालाल आला. ट्रिप कशी झाली विचारले. मस्त झाली म्हटले. मग म्हटले, नाही झाली. आणि त्याने विचारले नव्हते तरी सांगितले, गोदावरी आता येणार नाही. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटले.
दुकान उघडायची वेळ झाली तरी तो उठला नाही. मी चहा ठेवला. साखर टाकायची राहिली. तो तसाच प्यायला.