फॉर्मवरचा तो एक प्रश्न

नेइआफू, वावाऊ
मंगळवार

प्रिय कालो,

तू पाठवलेला व्हिसाचा फॉर्म पोचला. पोस्टातल्या सेमिसीने सगळ्या रांगेसमोर पाकीट हातात ठेवलं आणि वर विचारलं, "काय फाने, पुन्हा ऑकलंडची हौस आली वाटतं?" मी म्हटलं, तू आपले शिक्के मार. फॉर्म तू निम्मा भरला आहेस, अक्षर अगदी तुझ्या आईच्या वळणाचं. फक्त एका प्रश्नाखाली पेन्सिलीने विचारलं आहेस, 'इथे काय लिहायचं, आत्या?' प्रश्न साधा आहे. कुठल्या देशात व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिला होतात का? याचं उत्तर फोनवर देता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर लावून तुझ्या बाबांच्या उशाशी ठेवतात, आणि त्यांच्यासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही.

बाबांचे डॉक्टर आता आठवड्यांची भाषा करतात, असं तू लिहिलंस. ते वाचून मी चटई विणायला बसले. केवड्याच्या पाती भिजवून तयारच होत्या. हात चालू असले की डोकं थोडं गप्प राहतं. इकडे बेटावर बाकी सगळं ठीक आहे. शेजारच्या लुसियाने नवं डुक्कर घेतलं, ते रोज माझ्या अळूत घुसतं, आणि ती रोज म्हणते, "लहान आहे गं, समजून घे." लहान कसलं, माझ्याहून जाड आहे.

मी तुमच्याकडे आले तेव्हा तू आठ महिन्यांची होतीस. तीन महिन्यांचा व्हिसा होता. मुदत संपली आणि तुझा पहिला वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. भावाच्या पोरीचा पहिला वाढदिवस आणि आत्या नाही, असं आपल्यात होतं का? तुझ्या बाबांनी चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी थोरली बहीण वरच्या मानाच्या चटईवर बसेल, केकचा वरचा थर तिचा. मुदत वाढवायला त्यांच्या सहीचा कागद लागत होता, आणि तो मागायचा म्हणजे भावाशी आपल्या अडचणीचं बोलायचं. तुला हसू येईल. तिकडे भाऊ-बहिणी एका सोफ्यावर बसून सिनेमे बघतात. आम्ही दोघं आपल्या रीतीप्रमाणे वयात आल्यापासून एका खोलीत बसलो नाही. त्याची पावलं वाजली की मी स्वयंपाकघरात जायची, माझा आवाज आला की तो अंगणात. त्याला माझ्या व्हिसाची तारीख पाठ होती, हे तुझ्या आईने मला नंतर सांगितलं. पण बहिणीला 'कधी जाणार' असं विचारणं म्हणजे तिला घराबाहेर काढणं, म्हणून तो गप्प राहिला. आणि मी कागद मागितला नाही.

तीन आठवड्यांची दोन वर्षं झाली. तुझी आई दिवसपाळीला, बाबा रातपाळीला, तू माझ्या कुशीत. तू पहिल्यांदा चाललीस ती माझ्या झग्याचं टोक धरून. खोटं कशाला बोलू, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. पण दारावर कोणी जोरात थाप मारली की मी तुला उचलून न्हाणीघरात जाऊन बसायची, आणि तुला वाटायचं आपण लपाछपी खेळतोय. मग आमची आई अंथरुणाला खिळली आणि मी आपणहून परतले. विमानतळावरच्या बाईने पासपोर्ट बघितला, काहीतरी टिपून घेतलं, आणि म्हणाली, "पुढच्या वेळी हे विचारतील हं, मावशी." बोलली चांगली, चेहराही चांगला होता.

पुढच्या वेळी विचारलंच. तुझ्या आईच्या मातीला यायचं होतं तेव्हा, आणि तू पदवी घेतलीस तेव्हाही. दोन्ही वेळा नकार आला. मी सगळ्यांना सांगितलं की जास्त राहिले होते ना, ते सरकार विसरत नाही. सगळ्यांनी हळहळ केली. लुसियाने तर त्या सरकारला आठवडाभर शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. आणि आता तू लिहितेस की बाबा आजारात एकच म्हणत राहतात, "मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर ताईचा रस्ता बंद झाला नसता."

तर ऐक. त्या प्रश्नाखाली मी दोन्ही वेळा 'नाही' लिहिलं होतं. इथल्या कचेरीत फॉर्म आपल्या चर्चच्या पाळकांची मुलगी तपासते, तिच्यासमोर 'हो' लिहायची मला लाज वाटली. नकाराच्या पत्रात स्पष्ट होतं की खरी माहिती लपवली. ते पत्र मी चटयांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं आणि माझ्या भावाला वीस वर्षं स्वतःला दोष देऊ दिला. तुझ्या ओळखीच्या वकीलबाई म्हणतात ना, खरं लिहिलं आणि कारण सांगितलं तर ते निदान विचार तरी करतात. फॉर्म सोबत परत पाठवते आहे. तुझ्या पेन्सिलीवर मी शाईने 'हो' लिहिलं आहे, आणि आधीच्या दोन्ही खोट्या उत्तरांची हकीकत मागच्या कोऱ्या पानावर. पाळकांच्या मुलीने वाचलं, मान खाली घातली, शिक्का मारला. व्हिसा मिळेलच असं नाही. मिळाला तर मी खोलीत येणार नाही, दाराबाहेर ही चटई टाकून बसेन, त्याला माझा खोकला ऐकू आला तरी पुरे. मिळो न मिळो, हे पत्र पोचेल त्याच दिवशी त्याला वाचून दाखव, म्हणजे दोष आपला नव्हता हे कळूनच तो जाईल. वाचताना फोन बंद ठेव, मी ऐकते आहे असं त्याला वाटायला नको.

तुझीच, आणि त्याचीही,
फाने आत्या