काळा दगड, लाल रेघ

१२ एप्रिल १९७८

आज धाम नदीच्या कोरड्या पात्रात ठेच लागली आणि माझं आयुष्य पालटलं! अंगठा फुटला. शिवी हासडून खाली पाहतो तर — काळाकुळकुळीत, चकाकणारा दगड. मुठीएवढा, पण वजन केवढं! उल्काच! आभाळातून पडलेली! विकली की शेजारच्या कोकिळाच्या बापापुढं ताठ उभा राहून तिला मागणी घालीन.

उशीर नको. रविवारी सेलूवाले तिला कुंकू लावायला येणार. मुलाच्या आईनं कुंकू लावलं की सोयरीक पक्की.

१३ एप्रिल

कोकिळाच्या वडिलांनी, वासुदेवरावांनी, कुंपणावरून पाहिलंच. "कॉलेज सोडलं आन् आता गोटे जमा करून राह्यला का बे?"

"गोटा नाई जी, आभाळाचा तुकडा आहे!"

"मंग फेक वापस वरतं!"

डोकं असं तापलं! कोकिळा कपडे वाळत घालता घालता हसत होती. बापाला हसली की मला?

१४ एप्रिल

नागपूर. भूगर्भशास्त्राच्या ज्या इखार सरांच्या तासातून तणतणत उठून कॉलेज सोडलं, त्यांच्याच दारात! सरांनी चहा संपवला, कप उपडा केला, बुडाच्या खरखरीत कडेवर दगड घासला. लाल रेघ!

"उल्का अशी रेघ देत नाही. हेमॅटाइट. लोखंडाचं खनिज. पण इतका देखणा गोळा इकडं मीही पाहिला नव्हता. संग्रहात ठेवीन."

"आणि किंमत, सर?"

"अजून एक चहा घे."

दगड उचलून परत आलो.

१५ एप्रिल

दगडाला लाथ मारली. तोच अंगठा! कुंपणापलीकडून कोकिळानं विचारलं, तेव्हा तिला लाल रेघेचं सारं सांगितलं.

१६ एप्रिल, रविवार

सकाळीच कोकिळा आमच्याकडं. "दाखव न तुही रेघ." कपाच्या बुडावर खसाखसा घासला. लाल भुकटी पडली. तिनं कप आईच्या हातात दिला, कपाळ पुढं केलं — "काकू, लावून द्या न जी."

आईनं कौतुकानं बोट टेकवलं. मग एकदम — "अवं माय! हे का केलं म्या!"

"पोराच्या आईनं लावलं," कोकिळा म्हणाली. "ठरलं मंग." आणि पळत गेली, थेट बापाला कपाळ दाखवायला!

त्याच दिवशी

वासुदेवराव अंगणातून ओरडताहेत — "कुठं गेला तो गोटेवाला? सेलूवाल्यायले मी काय सांगू? तूच येऊन सांगजो!"

दगड आईजवळ दिला. सदऱ्याची बटणं लावली. निघालो — हे दार ओढलं!