गावपळणीतली घरमालकीण

८ डिसेंबर
पोचले एकदाची! दोहात बसून व्हिडिओ कॉलवर घेतलेलं घर आज प्रत्यक्ष पाहिलं. मालवणपासून जवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. पलंगांपासून चमच्यांपर्यंत सगळं तयार, पर्यटकांना भाड्यानं द्यायचं की झालं. माझी नर्सिंगची सारी कमाई यात गेली आहे. देखभालीला ठेवलेला बाबुश बोलका आहे. शेजारच्या आनंदीबाईंनी सोलकढी आणून दिली. न बघता घर घेणं हा वेडेपणा, असं नवरा म्हणाला होता. आता बघ म्हणावं!

१० डिसेंबर
देवाचा कौल झालाय म्हणे, परवापासून गावपळण. अख्खं गाव गुराकोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहणार. बाबुशनं मला न विचारता पहिलंच बुकिंग रद्द केलं! तो ख्रिस्ती, तरी तोही निघालाय. चांगलंच फैलावर घेतलं त्याला. आनंदीबाई समजावून गेल्या, "गावात रवू नको गो बाये. आमी भायर पडलंव काय आदले घरमालक येतत." मला हसूच आलं. खरेदीखत माझ्या नावावर आहे. मी कुठेही जाणार नाही.

१२ डिसेंबर
सगळे गेले. कुत्रंसुद्धा उरलं नाही. दुपारी आनंदीबाईंच्या कुलूपबंद घरातून चुलीचा धूर येत होता. विहिरीवर रहाट वाजत होता. चोर असतील म्हणून ओरडले, तर रहाट थांबला. भीती वाटली. वाटली तर वाटली, म्हणून घर सोडायचं?

१३ डिसेंबर
भर दुपारी माझ्या पडवीत एक बाई, म्हातारा, पोरं. आपल्याच घरी आल्यासारखे बसलेले. बाईनं अदबीनं विचारलं, भाड्यानं राहता का, कधी निघणार. माझ्या घरात मलाच! खरेदीखत तिच्या तोंडासमोर धरलं. तिनं बघितलंही नाही. मग राहा म्हणाली. पण गाव परतला की आम्हाला निघावं लागतं, तेव्हा तूही —

१५ डिसेंबर
ढोल वाजतायत. गाव परतला.
बाबुशला हाका मारल्या. वळलासुद्धा नाही. आनंदीबाई माझ्या अंगातून आरपार — आत जाऊन माझ्या पलंगापाशी माझं नाव घेऊन रडतायत. अहो, मी इथेच आहे!
ती पडवीतली बाई मला ओढतेय. म्हणते, चल, पुढच्या गावपळणीला येऊच.
नाही येणार. एका हातानं चौकट घट्ट धरलीय. घर माझं आहे. ओढा किती ओढायचं ते, मी सोड —