लेहचा शिक्का

झिंडेलफिंगेन
जर्मनी
शनिवार, १२ एप्रिल २०२५

चि. सुगतास,
अ. उ. आ., आणि दोन दिवस आधीच जयंतीचा जयभीम.

आत्याचं हस्ताक्षर पाहून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन असताना पत्र लिहायची वेळ का आली, ते सांगते. तुझे आबा इथे येऊन दहा दिवस झाले. त्यांना फोटो मोठे दिसावेत म्हणून नातीनं, आमच्या मैत्रीनं, माझा फोन त्यांच्या टॅबलेटला जोडून दिलाय. आता मला आलेला प्रत्येक मेसेज आबांच्या मांडीवर टुंग करून उगवतो. फोनवर बोलावं तर घर केवढंसं, आणि आबांचे कान या वयातही शाबूत. ते समोर असताना लडाखचा 'ल' काढायची सोय नाही.

म्हणून पत्र. खाली ब्रीफकास्टनची, म्हणजे टपालपेटीची, किल्ली आबांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. अकरा वाजता उतरतात, टपाल काढतात, नावांप्रमाणे लावून टेबलावर ठेवतात. पण अडतीस वर्षं टपाल खात्यात काढलेला माणूस दुसऱ्याचं पाकीट उघडणार नाही, मेला तरी नाही. म्हणजे या घरात पत्राइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. आहे की नाही तुझी आत्या हुशार?

आता मुद्द्याचं. २१ जूनला आपण दोघं आबांना भंडाऱ्याला तुझ्या आईवडिलांकडे सोडणार. तिथून माझ्या कंपनीचं दिल्लीत काम आहे असं सांगून सटकायचं आणि सहा दिवस लेह. मला उरलाउब, म्हणजे रजा, मंजूर झालाय. बॉसनं विचारलं, कुठे? मी म्हटलं, साडेतीन हजार मीटरवर. तो म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, तिथे माझा फोन लागणार नाही हे बरंय.

लपवणं मनाला बरं वाटत नाही रे. लेहमधल्या त्या टेकडीवरच्या गोंपाच्या, त्या बौद्ध मठाच्या, गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. पंचवीस वर्षांचे असताना आबा सैन्याच्या टपालात प्रतिनियुक्तीवर दोन वर्षं तिथे होते. रोज खालून गोंपा बघायचे, पण वर कधी गेले नाहीत. आता हृदयात स्टेंट बसलाय. आपण निघालो हे कळलं तर बॅग भरून दारात उभे राहतील, आणि त्यांना नाही म्हणायला जीभ कुणाची रेटेल? आई असती तर तिनं सांभाळलं असतं.

सोबत तुझ्या काकांनी, म्हणजे आमच्या यांनी, केलेलं वेळापत्रक पाठवते आहे. सहा दिवसांत नऊ गोंपा बसवलेत.

जेवत जा, आणि उत्तर लगेच टाक.
तुझी,
कीर्तीआत्या


गार्चिंग
गुरुवार, १७ एप्रिल २०२५

ती. स्व. सौ. कीर्तीआत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. माझ्या मजल्यावरच्या सगळ्या पीएचडीवाल्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. शाईनं लिहिलेलं पत्र त्यांना संग्रहालयातलं वाटलं.

काकांचं वेळापत्रक वाचून इथे बसल्या जागीच मला दम लागला. 'विश्रांती, १४:१० ते १४:३०' हे त्यांनी मनापासून लिहिलंय का? आत्या, लेह म्हणजे काकांचा मोटारींचा कारखाना नाही. विमानानं थेट लेहला उतरलं की पहिले दोन दिवस काहीच करायचं नसतं. काहीच म्हणजे काहीच. खोलीत पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं, हळू चालायचं. तिसऱ्या दिवशी टेकडीवरचा आबांचा गोंपा, चौथ्या दिवशी पहाटे उठून ठिकसे गोंपातली प्रार्थना, पाचव्या दिवशी हेमिस गोंपा, सहाव्या दिवशी परत. नऊचे तीन झाले म्हणून काकांना वाईट वाटेल, त्यांची समजूत तू काढ.

तुझ्यासाठी दोन कामं. एक, रोज पाठीवर पिशवी घेऊन जिने चढ. दोन, डॉक्टरला विचार. तुझ्याबद्दल तर विचारच, पण जमलं तर आबांबद्दलही. आपण परस्पर ठरवून मोकळे झालो, ते मला टोचतंय. कोण जाणे, डॉक्टर हो म्हणतील.

आणखी एक शंका. तिथे आपण पालीतून त्रिशरण पंचशील म्हटलं तर चालेल ना? ते तिबेटी पद्धतीनं म्हणणार, आपण आपल्या. मी लहानपणी विहारात पाठ केलेलं अजून येतं, पण चाल भंडाऱ्याची आहे.

माझ्या पाकिटांचा संशय येऊ नये म्हणून यापुढे लांब खाकी पाकीट वापरीन आणि पत्ता छापील अक्षरांत लिहीन. एखाद्या ऑफिसचं वाटेल. आहे की नाही तुझा भाचा तुझ्यावर गेलेला?

लोभ आहेच, सोबत तिळाची चटणी आली तर तो वाढेल.
तुझा,
सुगत


झिंडेलफिंगेन
रविवार, २७ एप्रिल २०२५

चि. सुगतास,
अ. उ. आ.

तुझं खाकी पाकीट आबांनी माझ्या हातात देताना चेहऱ्यावरची सुरकुतीही हलवली नाही. नुसतं म्हणाले, सरकारी दिसतंय, वेळेत उत्तर दे.

मी रोज सहा मजले चढते, पाठीवर दहा किलो तांदूळ. तिसऱ्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी काल विचारलं, लिफ्ट बंद आहे का. काकांनी बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र आणलंय आणि नाश्त्याला सगळ्यांची बोटं पकडत सुटतात. आबांनीही निमूट बोट पुढे केलं. सत्त्याण्णव आले, माझ्यापेक्षा एक जास्त.

आता वाईट बातमी. नागपूरच्या डॉ. वासुदेव मेश्रामांना फोन केला. ते म्हणाले, कीर्ती, तू खुशाल जा, पण तुझ्या वडिलांना, दादारावांना, तीन हजार मीटरच्या वर नेऊ नकोस. आशेनं विचारलं होतं रे. फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्यातच परवाची गोष्ट. मैत्रीनं सहज आबांना विचारलं, तुम्ही दोन वर्षं तिथे राहून वर का गेला नाहीत? ती जर्मनमधून विचारते, ते मराठीतून सांगतात, आणि दोघांचं छान चालतं. आबा म्हणाले, आभाळ असलं की गोंपा ढगात. आभाळ मोकळं झालं की विमान उतरायचं, आणि विमान आलं की टपालाच्या थैल्या. जवान घरच्या पत्राची वाट बघत बसलेले, त्या थैल्या सोडून मी टेकडी कशी चढू? म्हटलं, उद्या जाऊ. असे दोन वर्षांचे उद्या झाले. मैत्री माझ्याकडे बघायला लागली आणि मी भांडी घासायला लागले. भांडी स्वच्छ होती.

सुगत, मला वाटतं आपण जाऊ नये. ज्याची जागा तो खाली बसलेला, आणि आपण चोरून वर जाऊन फोटो काढणार? मला तिथे हात जोडायलाही लाज वाटेल. तिकिटं रद्द करता येतात का बघ.

तब्येत सांभाळ. चटणी पाठवते आहे.
तुझी,
कीर्तीआत्या


गार्चिंग
रविवार, ४ मे २०२५

ती. स्व. सौ. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

चटणी पोचली आणि संपलीसुद्धा.

तिकिटं रद्द होतात, पण मी करणार नाही. तुझं पत्र चार वेळा वाचलं. आपली चूक जाण्यात नाही, लपवण्यात आहे. आबांना सांगून टाकू या. रागावले तर रागावू देत, रडले तर आपणही रडू. ते जा म्हणाले तर जाऊ, नको म्हणाले तर मी स्वतः तिकिटं फाडीन, म्हणजे मोबाईलमधून पुसून टाकीन. १६ तारखेला शुक्रवारी तिकडे येतो, शनिवारी दोघं मिळून सांगू. तोवर तू धीर धर आणि भांडी घासू नकोस.

मलाही भीती वाटते आहे, हे लिहून ठेवतो.

माया असू दे.
तुझा,
सुगत


झिंडेलफिंगेन
सोमवार, १२ मे २०२५
वैशाख पौर्णिमा

चि. सुगतास आणि चि. कीर्तीस,
अ. उ. आ. तथागतांच्या जयंतीच्या मंगल कामना.

हे पत्र कार्बन लावून दोन प्रतींत लिहितो आहे. एक प्रत गार्चिंगला टपालानं. दुसरी कीर्तीच्या नावे ब्रीफकास्टनमध्ये मीच टाकणार, अकरा वाजता मीच काढणार आणि रीतसर तिच्या हाती देणार.

प्रथम खाकी पाकिटाविषयी. कुठल्याही देशाचं सरकार पाकिटावर फुलाचं तिकीट वाकडं चिकटवत नाही. आणि छापील अक्षरांत पत्ता लिहायला सुगतला मीच शिकवलं आहे. त्याचा 'के' मी अंधारातही ओळखीन. तुमचं एकही पाकीट मी उघडलेलं नाही, त्याची गरजही पडली नाही. कीर्ती, तू डॉ. वासुदेवांना फोन केलास, त्यांनी पाच मिनिटांनी मला केला. आम्ही एका वर्गातले, हे तू विसरलीस. घरात दहा किलो तांदूळ रोज जिना चढून परत येतो आणि शिजत मात्र नाही, हेही मला दिसतं.

दोघांनी जावं. मी येणार नाही, हट्ट करणार नाही, हे लेखी देतो. मन खट्टू झालं का? झालं. दोन दिवस झालं. मग लक्षात आलं की मी ज्यांना उद्या म्हणायला शिकवलं नाही, ती पोरं आज निघाली आहेत. पहिले दोन दिवस मुकाट्यानं झोपून काढा. आम्हालाही तेव्हा तोच हुकूम होता आणि जे शहाणे तो मोडायचे, ते दवाखान्यात भेटायचे. सुगत लहानपणापासून शंकेखोर, त्याला ही शंका येणारच, म्हणून न विचारताच सांगतो: तिथे त्रिशरण पंचशील पालीतून खुशाल म्हणा, चाल भंडाऱ्याचीच ठेवा.

आता माझं एक काम. सैन्याच्या टपालावर गावाचं नाव नसतं. मी त्या दोन वर्षांत हजारो पत्रांवर शिक्के मारले, पण त्यात नुसता आकडा. मी घरी पाठवायचो त्या पत्रांवरही तेच. कीर्तीच्या आईचं आणि माझं तेव्हा नवीन लग्न. ती प्रत्येक पत्रात एकच विचारायची, तुम्ही आहात तरी कुठे? लिहायला बंदी होती. मी लिहायचो, सुखरूप आहे. परत आल्यावर तिला सांगितलं, तर म्हणाली, सांगून काय उपयोग, दाखवा. म्हटलं, दाखवू, पुढच्या वर्षी. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

गार्चिंगच्या पाकिटात एक बंद पाकीट ठेवलं आहे. नाव सौ. अरुणा दादाराव रामटेके, पत्ता भंडाऱ्याचा. आधी ते वर गोंपात घेऊन जा, बुद्धमूर्तीपुढे क्षणभर ठेवा. मग खाली बाजारातल्या टपाल कार्यालयात तिथलंच तिकीट लावा, सरळ लावा, आणि तारखेचा शिक्का समोर मारून घ्या. 'लेह' ही अक्षरं स्वच्छ उमटली पाहिजेत. पुसट आली तर दुसरा शिक्का मागा. कारकून कुरकुरेल, तिकडे लक्ष देऊ नका. मीही कुरकुरायचो.

पाकीट उजेडापुढे धरून आत काय आहे ते बघू नका. आपल्या घरात दुसऱ्याचं पत्र वाचत नाहीत.

ते भंडाऱ्याला पोचेल तेव्हा घ्यायला मी दारात असेन.

तुम्हां दोघांवर माया आहेच, ती रजिस्टर्ड समजावी.
तुमचा,
आबा