हात मांडीवर

३ मार्च

मी आखलेली खोटी क्रेन चालू झाली! केबिन खरी, लिव्हर खरे, समोर फक्त पडदा. ओझं जास्त झुललं की घंटा वाजते आणि सगळं जागच्या जागी थांबतं. चूक त्याच क्षणी कळायला हवी — सहा वर्षं मानसशास्त्र घोकलं ते यासाठीच. पहिल्या तुकडीत आठ शिकाऊ. त्यांत आमची धाकटी बहीण. खऱ्या क्रेनवर पास झाली तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर घरी.

६ मार्च

उस्तादांनी तीस वर्षं क्रेनवर काढलीत. पाच मिनिटं बघून म्हणाले, "बाई, झोका आपोआप थांबतो होय? ओझं जाईल त्या बाजूला क्रेन न्यायची, तेव्हा कुठे तो मरतो. हे कधी शिकणार ही पोरं?" मी म्हटलं, आधी चूक ओळखू देत. "बरं. तुम्ही शिकलेल्या!" असा राग आला! यांनी स्वतः शिकताना दोन भिंती पाडल्या होत्या म्हणे.

११ मार्च

घंटा दिवसाला चाळीसवरून तीनवर. साहेब खूश. धाकटीची आज एकदाही वाजली नाही. जेवताना स्वारी भलतीच ऐटीत.

१२ मार्च

घंटा वाजली की आठही जण लिव्हर सोडून हात मांडीवर ठेवतात. कोणी सांगितलं नव्हतं. गंमत वाटली.

१७ मार्च

आज खरी क्रेन. धाकटी पहिली. वाऱ्याने ओझं झुललं — आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बसून राहिली! उस्ताद खालून ओरडत होते, "पोरी, त्याच्या मागे जा, मागे!" ओझं गोदामाच्या भिंतीवर आदळलं. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

घरी रडून झाल्यावर म्हणाली, "ताई, मला वाटलं आता थांबेल."

लिव्हर सोडायला मीच शिकवलं. चूक दाखवली, सावरायला वेळच दिला नाही. आणि उस्तादांपुढे नाकाने कांदे सोलले! लाज वाटते. उद्या साहेबांना सगळं लिहून देणार. माझ्यावर काय शेकायचं ते शेको.

१८ मार्च

साहेबांच्या टेबलावर धाकटीचा कागद आधीच होता. सकाळी न सांगता निघाली ती यासाठी! 'चूक सर्वस्वी माझी. ताईच्या यंत्राचा दोष नाही.' खाली राजीनामा. मंजूर.

"मिटलं की मग!" साहेब म्हणाले. "दुसरी तुकडी उद्या नऊला." माझं पत्र न वाचताच परत दिलं.