'थांब'चा काना

४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून बाबांचा अबोला आहे, म्हणून हे तुलाच. आमच्या कारखान्यात शहराच्या नव्या पुलाची पोलादी कमान बनतेय. दोन काठांवरून अर्धी-अर्धी निघणार आणि नदीच्या मधोमध भेटणार. तिचे नकाशे काढणारी मुलगी कानामागे खडू खोचते. बाकीचं तू ओळखलंसच.

काल एक सांधा जोडायला गेलो, तर लोखंडावर तिच्या अक्षरात 'थांब'! सगळ्या कारागिरांना ती 'थांबा' लिहिते. मग 'थांब' कोणाला? मलाच! भर दुपारी सांधा धडाधड जोडला, केस विंचरले आणि फाटकाशी थांबलो. ती आली, इतक्या लवकर कसे सुटलात म्हणाली आणि सायकलवर बसून गेली. हे काय म्हणायचं?

लोभ कर, हसू नकोस.
तुझा फटाका

९ मार्च

चि. फटाक्यास,
अ. उ. आ.

हसले. मग धसका घेतला. ती तुला 'सुटलात' म्हणते आणि तू 'थांब' धरून बसलास? अरे, तो सांधा जोडायचा होता तरी का? आधी जाऊन बघ. हेही काम गेलं तर बाबांपुढे तुझी वकिली करायला मला तोंड उरणार नाही.

जपून राहा. डोकंही वापरत जा.
ताई

१५ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काना होता गं! पत्र्याची जागा संपली म्हणून तिने तो कडेवर ओढला होता. उन्हात लोखंड फुगतं, म्हणून सकाळी गार असताना माप घेऊन मगच जोडायचं होतं. माझा तुकडा निवल्यावर दोन सूत आखूड भरला. अशाने कमानीचे अर्धे भाग भेटायचे कसे?

फोरमन पिसाळला. ती पुढे होऊन म्हणाली, माझंच अक्षर गचाळ, चूक माझी. माझं डोकंच फिरलं. हिने का ऐकून घ्यायचं? सगळ्यांदेखत ओरडलो की जोडलं मी, तिला बोलायचं काम नाही. सांधा कापला. नोकरी राहिली, पण आता नुसतं घासकाम.

संध्याकाळी ती माझ्यापाशी आली आणि विचारते काय, तर घरी कोण कोण असतं रे? ताई, मला काही कळेना. तक्रार करायची तर फोरमनने करावी, हिला काय पडलंय? मी तडकून म्हटलं, ताई आहे, काय सांगायचं ते तिला सांगा. तर हसली आणि तुझा पत्ता लिहून घेतला.

तिचं पत्र आलं, तर माझी बाजू जरा नीट मांड. घासकामाचं मात्र कळवू नकोस, ते तिला माहीत आहे.

लोभ आहेच, राग आवरता घ्यावा.
तुझा फटाका